डबा रांगेत लावला, पण दर कोणत्या दिवसाचा?

जर्मनीतल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन प्रश्नांना हमखास पन्नास उत्तरं येतात. कढीपत्ता कुठे मिळतो, आणि नागरिकत्वाचा अर्ज कधी करायचा. पहिल्याची पन्नासही उत्तरं बरोबर असतात. दुसऱ्याची एकमेकांशी भांडत असतात. "पाच वर्षं भरली की दुसऱ्याच दिवशी टाक", "थांब, भारताचा पासपोर्ट जाईल", "लवकर कर, कायदा बदलतोय", "आता करून काय उपयोग, बदललाच की". गंमत म्हणजे यातलं एकही वाक्य साफ खोटं नाही. ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, एवढंच. म्हणून आधी ते प्रश्न सुटे करू.

नेमकं काय बदललं

परदेशी माणसाने अर्ज करून जर्मन नागरिक होणं, याला तिथे 'आइनब्युर्गरुंग' म्हणतात. हा शब्द एकदा माहीत असू द्या, पुढे मी साधं नागरिकत्वच म्हणेन.

२००० सालापासून या वाटेवर आठ वर्षांचा कायदेशीर रहिवास लागायचा, आणि त्याआधी तर पंधरा वर्षांचा. २७ जून २०२४ ला नवा कायदा लागू झाला आणि तीन गोष्टी एकदम घडल्या. आठाची पाच वर्षं झाली. आधीचं नागरिकत्व सोडायची जर्मनीची अट गेली. आणि भाषा उत्तम, म्हणजे सी १ पातळीची, शिवाय नोकरीत किंवा समाजकार्यात विशेष कामगिरी, असं दाखवता आलं तर तीनच वर्षांत अर्जाची सोय झाली. तिला लोक 'टर्बो' म्हणू लागले.

सरकार बदललं. नव्या आघाडीने पाच वर्षं ठेवली, दुहेरी नागरिकत्वाची मुभा ठेवली, पण टर्बो मोडीत काढला. ८ ऑक्टोबर २०२५ ला संसदेत मतदान झालं आणि ३० ऑक्टोबरपासून तीन वर्षांची वाट बंद.

इथपर्यंत ठीक. पण ज्यांनी टर्बोखाली आधीच अर्ज दिला होता आणि फाइल कार्यालयात पडून होती, त्यांचं काय? त्यांच्यासाठी कायद्यात वेगळी सोय ठेवलेली नव्हती. ३० ऑक्टोबरपर्यंत निर्णय झाला नसेल तर पाच वर्षांचाच नियम. रात्र रात्र जागून सी १ची परीक्षा दिलेल्यांचा संताप इथेच आहे: "अर्ज तर आम्ही जुन्या कायद्यात केला होता ना?"

गिरणीतला डबा

लहानपणी दळण घेऊन गिरणीत जायचो, आठवतं? डबा रांगेत ठेवायचा, घरी जायचं, संध्याकाळी आणायला यायचं. समजा डबा ठेवला तेव्हा पाटीवर किलोला पाच रुपये लिहिलंय, आणि तुमचा नंबर लागेपर्यंत मालकाने पाटी पुसून सहा केले. तुम्ही किती द्यायचे?

एक मालक म्हणेल, "तुम्ही ठेवलात तेव्हा पाच होता, पाचच द्या." दुसरा म्हणेल, "दळलं तेव्हा सहा होता, सहा द्या." दोघांनाही आपण योग्यच वागतोय असं वाटतं.

देशांचंही असंच आहे. फिनलंडने १ ऑक्टोबर २०२४ पासून रहिवासाची अट पाचावरून आठ वर्षांवर नेली, पण त्या दिवसाआधी दाखल झालेले अर्ज जुन्याच नियमाने पाहिले. म्हणजे डबा ठेवला त्या दिवसाचा दर. जर्मनी दुसऱ्या मालकासारखी आहे. कायद्यात उलट काही लिहिलेलं नसेल तर निर्णयाच्या दिवशी जो कायदा असेल तो लागतो. नकार मिळून प्रकरण न्यायालयात गेलं तरी सहसा सुनावणीच्या वेळचा कायदाच बघितला जातो.

ब्रिटनमध्ये यावर थेट सर्वोच्च पातळीपर्यंत भांडण झालं. एका नायजेरियन डॉक्टरने २००६ च्या जानेवारीत व्हिसा वाढवायचा अर्ज केला, एप्रिलमध्ये नियम बदलला आणि त्याच महिन्यात नव्या नियमाने नकार आला. हाउस ऑफ लॉर्ड्सने २००९ मध्ये सांगितलं की निर्णयाच्या दिवसाचा नियमच खरा. पण त्याच वर्षी तिथल्या हायकोर्टाने आणखी एका प्रकरणात उलटा कौल दिला. कायम वास्तव्यासाठी चाराऐवजी पाच वर्षं केली होती, आणि उच्चकुशल स्थलांतरितांच्या योजनेत आधीच आलेल्यांना (त्यात आपले भारतीय पुष्कळ) जुनी चार वर्षंच लावा, असं कोर्ट म्हणालं, कारण त्यांना बोलावतानाच तसं सांगितलेलं होतं. तेव्हा "सगळीकडे असंच असतं" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या ग्रुपमधल्या काकांवर विश्वास ठेवू नका. नवा कायदा आला की त्याचं शेवटचं पान आधी वाचायचं. जुन्या अर्जांचं काय, ते तिथे असतं.

"मग घाई करून उपयोगच काय?"

आहे, पण वाटतो तेवढा नाही. निर्णयाच्या दिवसाचा कायदा लागणार असेल तर तुमचा खरा शत्रू रांग आहे. बर्लिनने १ जानेवारी २०२४ ला सगळ्या पेठांमधली नागरिकत्वाची कामं एका कार्यालयात आणली आणि अर्ज ऑनलाइन केले, तेव्हा जुन्या हजारो फाइली वारशात आल्या होत्या. अनेक मोठ्या शहरांत आजही वर्ष-दीड वर्ष सहज जातं. २०२४ मध्ये जर्मनीने २,९१,९५५ लोकांना नागरिकत्व दिलं. तोवरचा हा विक्रमी आकडा, आणि एवढं दळूनही रांग संपलेली नाही.

म्हणून पात्र झाल्यावर थांबण्यात फायदा नाही. रांगेत उशिरा उभं राहिलं तर नंबर उशिरा येणार, आणि तेवढ्या काळात पाटी बदलण्याची शक्यता वाढणार. अर्ज देऊन तीन महिने झाले, सबळ कारणाशिवाय निर्णय नाही, तर कार्यालयाच्या दिरंगाईविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात जाता येतं. पुष्कळ लोक जातात. माझं मत विचाराल तर आधी एक सभ्य स्मरणपत्र पाठवा. फाइल कधीकधी एका सहीअभावी अडकलेली असते.

पात्र होण्याआधीच अर्ज टाकायचा का? रांग लांब असल्यामुळे काही कार्यालयं पाच वर्षं भरायच्या थोडं आधी अर्ज घेतात, कारण निर्णयापर्यंत वर्षं भरतीलच. काही घेत नाहीत. हे शहराशहरावर आहे, आणि विचारायला पैसे पडत नाहीत.

"बातमी आली की लगेच टाकू"

हा सगळ्यात लोकप्रिय बेत, आणि सगळ्यात कच्चा. सरकारांना कळतं की बातमी फुटली की झुंबड उडणार. म्हणून ती कधीकधी सीमारेषा मागच्या तारखेवर आखतात.

जर्मनीच्या २०२४ च्याच कायद्यात याचं उदाहरण आहे. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांसाठीचे नियम त्याने कडक केले, पण जुन्या अर्जदारांना जुनी सवलत ठेवली. कुठल्या जुन्या? २३ ऑगस्ट २०२३ पर्यंत अर्ज केलेल्या. त्या दिवशी मंत्रिमंडळाने मसुदा मंजूर केला होता. कायदा लागू झाला त्यानंतर दहा महिन्यांनी. मधल्या दहा महिन्यांत धावत गेलेल्यांना त्या सवलतीचा काही उपयोग झाला नाही.

इटलीचं तर याहून नाट्यमय. पणजोबा इटालियन होते एवढ्यावर नागरिकत्व मागता येत असे. २८ मार्च २०२५ ला अध्यादेश निघाला आणि सीमारेषा ठरली ती आदल्या रात्रीची, २७ मार्चचे अकरा वाजून एकोणसाठ मिनिटं, रोमच्या घड्याळाने. हे रहिवासाचं प्रकरण नाही, वंशाचं आहे. पण बातमी वाचून टॅक्सी बोलावेपर्यंत वेळ निघून गेलेली असू शकते, हे त्यातून दिसतं.

तेव्हा बातमीची वाट बघत बसणं हा काही बेत नव्हे. पात्र होण्याच्या तारखेला कागद तयार असणं हा बेत आहे.

पाच वर्षं मोजायची कशी

इथे लोक आपलंच नुकसान करून घेतात. मास्टर्सची दोन वर्षं धरत नाहीत असं कुणीतरी सांगतं, आणि माणूस दोन वर्षं उगाच बसून राहतो. विद्यार्थी म्हणून कायदेशीर राहिलेला काळही मोजणीत येतो. अट अशी की निर्णयाच्या वेळी तुमच्या हातात शिक्षणाचा किंवा नोकरीशोधाचा परवाना असून चालत नाही. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना), पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) किंवा त्या जातीचा टिकाऊ परवाना लागतो. थोडक्यात, शिकतानाचं मीटर चालू असतं, पण त्या परवान्यावर दार उघडत नाही.

सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलात तर मोजणी तुटत नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तीन महिने मिरजेला राहिलात तर काळजी नको.

बाकी अटी सोप्या सांगतो. जर्मन भाषा बी १ पातळीची, म्हणजे रोजचा व्यवहार जमेल एवढी. नागरिकत्वाची परीक्षा: ३१० प्रश्नांचा संच आधीच जाहीर असतो, त्यातले ३३ येतात, १७ बरोबर आले की झालं. स्वतःच्या कमाईवर घर चालणं. गंभीर गुन्हा नसणं. ओळख निर्विवाद असणं. मोठ्या माणसाची फी २५५ युरो, स्वतःचं उत्पन्न नसलेल्या मुलाची बरोबर अर्ज केला तर ५१.

यातली कमाईची अट मात्र वेळेशी जोडलेली आहे. नोकरी बदलण्याच्या तोंडावर फाइल उघडली गेली तर अधिकारी प्रोबेशन संपायची वाट बघायला सांगू शकतो. सध्या कंपन्यांत माणसं कमी करण्याचे वारे आहेत. अशा वेळी नवी ऑफर आणि नागरिकत्वाची फाइल यांच्या तारखा समोरासमोर मांडून बघणं शहाणपणाचं.

"जर्मनी दुहेरी देते, मग अडचण काय?"

अडचण दिल्लीची आहे. दोन कुलपांच्या दाराला एकच किल्ली पुरत नाही. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही कलम ९ (आकडा योगायोगाने सारखा) सांगतं की स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. तुम्ही कळवा अथवा न कळवा. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये २,०६,३७८ लोकांनी भारतीय नागरिकत्व सोडलं. आधीच्या वर्षी २,१६,२१९.

बदल्यात ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड मिळतं. नावात नागरिकत्व आहे, पण ते खरं तर आयुष्यभराचा व्हिसा आहे. राहा, कमवा, फ्लॅट घ्या. मतदान नाही, निवडणूक नाही, बहुतेक सरकारी पदं नाहीत. आणि महाराष्ट्रातल्या घरांत सगळ्यात जास्त बोललं जातं ते: शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येऊ शकते. बक्षीसपत्राने मात्र नाही. वडिलांच्या मनात हयातीतच सातबारा तुमच्या नावावर करायचं असेल, तर त्या विषयावर घरी आधी बोला, अर्ज नंतर.

मला स्वतःला मताचा हक्क जाण्याचं जास्त लागलं. लोक हसतात. दर निवडणुकीला काही मी विमानाने येत नव्हतो, हेही खरंच.

परतीची वाट अगदीच बंद नाही. पाच वर्षं ओसीआय असलेला माणूस, अर्जाआधी बारा महिने भारतात राहिला तर, पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी नोंदणी मागू शकतो. तेव्हा जर्मन सोडावं लागेल, अर्थात.

अर्ज म्हणजे साखरपुडा

आता मूळ भांडणाकडे. "लवकर कर" म्हणणारे आणि "भारताचा पासपोर्ट जाईल" म्हणणारे एकमेकांवर ओरडतात, कारण दोघांनी अर्ज करणं आणि नागरिक होणं एकच धरलंय. ते एक नाही.

अर्ज दिला त्या दिवशी तुमचं भारतीय नागरिकत्व जात नाही. परीक्षा पास झालात तेव्हा जात नाही. मंजुरीचं पत्र आलं तेव्हाही नाही. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, ज्याला जर्मनीत 'उर्कुंडे' म्हणतात, तुमच्या हातात दिलं जातं, त्या क्षणी जातं. तोपर्यंत अर्ज मागे घेता येतो. फीचा काही भाग बुडेल, बस.

म्हणजे अर्ज हा साखरपुडा आहे आणि उर्कुंडे हे लग्न. साखरपुडा लवकर करायला हरकत नाही, कारण रांगेत वर्षभर विचार करायला मिळतोच. तोवर आई-वडिलांशी बोला, जमिनीचं बघा, मुलांचं बघा. उलट, "आधी मनाचं ठरू दे, मग अर्ज" म्हणून दोन वर्षं घालवलीत आणि मग ठरलं, तर त्यानंतर वर्षभर रांग आहेच, आणि पाटीवरचा दर कोणता असेल ते सांगता येत नाही.

"पीआर असताना हे सगळं कशाला?"

बऱ्याच जणांना खरंच गरज नाही. पीआर मिळाली की नोकरीची, राहण्याची बहुतेक चिंता मिटते. ब्लू कार्डवाल्यांना बी १ असेल तर ती २१ महिन्यांत, ए १ या अगदी सुरुवातीच्या पातळीवर २७ महिन्यांत मिळते. मताधिकार आणि युरोपभर कुठेही काम करण्याचा हक्क सोडला तर रोजच्या जगण्यात फरक कमी.

एक फरक मात्र पन्नाशीला पोचलेल्यांना कळतो. सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलात की साधारणपणे पीआर रद्द होते.  सांगलीत वडील अंथरुणाला खिळले आणि दीड वर्ष तिथे राहावं लागलं, तर पीआर गेली. जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय असेल तर दीड काय, पाच वर्षं राहा आणि परत या. भारतात लांब राहायची मोकळीक भारतीय नागरिकत्व सोडल्यावर मिळते, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आहे असंच.

नवरा-बायकोने एकच निर्णय घ्यायला हवा असंही नाही. मला ओळखीत तीन घरं माहीत आहेत जिथे एकजण जर्मन आहे आणि दुसरा भारतीय पासपोर्ट आणि पीआरवर. शेती एकाच्या नावावर, युरोपभर कामाची सोय दुसऱ्याच्या. टर्बो गेला तरी जर्मन नागरिकाच्या जोडीदारासाठी तीन वर्षांची वेगळी तरतूद कायद्यात शिल्लक आहे, त्यामुळे दुसऱ्याला नंतर मन बदलता येतं.

"पाचाची पुन्हा आठ होतील का?"

सीडीयू-सीएसयू या उजवीकडे झुकलेल्या पक्षांना २०२५ च्या निवडणुकीआधी २०२४ चा कायदा उलटवायचाच होता. आघाडीत एसपीडी हा डावीकडे झुकलेला पक्षही असल्याने टर्बोवर तडजोड झाली. पुढच्या निवडणुकीनंतर काय होईल यावर मी पैज लावणार नाही. इतर ठिकाणी वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंच: फिनलंड आठवर गेलं, आणि ब्रिटनने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्याची साधारण मुदत पाचाची दहा करायचा प्रस्ताव मांडला. तुमची साडेचार वर्षं झाली असतील तर हा प्रश्न तुमचा आहे. दीड झालं असेल तर झोप घालवू नका, जर्मन शिका. बी १ कुठल्याही सरकारात लागणारच आहे.

कागद, आणि तिकिटं

खरा वेळ खातात ते आपले कागद. चाळीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच नाही, नुसतं 'मुलगी'. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनाव बदललं, काही ठिकाणी पाळण्यातलं नावही बदललं. पासपोर्टवर एक, पदवीवर दुसरं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. जर्मन अधिकाऱ्याला मात्र या तीन वेगवेगळ्या बायका दिसतात. त्यात भारतातल्या अपोस्टिलला, म्हणजे दाखला खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्याला, जर्मनी मान देत नाही, त्यामुळे काही कार्यालयं जन्म-विवाहाचे दाखले भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत तपासून घ्यायला लावतात, आणि त्याला महिने लागतात. नगरपालिकेतली नोंद दुरुस्त करणं, राजपत्रातली नावबदलाची प्रत शोधणं, ही कामं चौथ्या वर्षीच्या सुट्टीत उरका. आणि अर्जात काही लपवू नका. खोटी माहिती सापडली तर दहा वर्षांपर्यंत नागरिकत्व काढून घेता येतं.

शेवटची एक गोष्ट दरवर्षी कुणाला ना कुणाला रडवते. उर्कुंडे हातात पडली की भारतीय पासपोर्ट त्याच दिवशी निकामी. मग जर्मन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा केल्याचं प्रमाणपत्र, मग ओसीआय किंवा व्हिसा. तोवर भारतात जाता येत नाही. ऑगस्टच्या मध्याला समारंभ आणि गणपतीला पुण्याची चार तिकिटं, असं करून बसलेलं एक कुटुंब मला माहीत आहे. तिकिटं वाया गेली. समारंभाची तारीख पुढे मागून घेता येते. फोन करून विचारावं लागतं, आणि ते त्यांनी केलं नव्हतं.